रात्री दोन ते सकाळी आठ

एप्रिल 2012. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमची 12.04 आवृत्ती 26 तारखेला यायची होती. त्याआधीचे आठ-दहा दिवस यवतमाळात, दारव्हा रोडच्या माझ्या खोलीत, तिच्या रोज निघणाऱ्या आयएसओ फाइलींची, म्हणजे इन्स्टॉलच्या सीडीच्या अख्ख्या प्रतींची, तपासणी चालली होती. हे काम कुणालाही करता येतं. फाइल उतरवायची, इन्स्टॉल करायची, जे दिसलं ते कळवायचं. पैसे मिळत नाहीत. पण आपल्याकडच्या एक जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर ती चालते की नाही, हे आपण नाही बघायचं तर कोण बघणार?

अडचण नेटची. 256 केबीपीएसच्या लाइनवर 700 एमबी उतरायला सहा तासांच्या वर लागतात, आणि आमच्या प्लॅनमध्ये फुकट वेळ रात्री 2 ते सकाळी 8 एवढाच होता. रोज अख्खी फाइल घेणं शक्यच नव्हतं. झेडसिंकने तारलं. कालची फाइल जवळ असली की ते फक्त बदललेले तुकडे आणतं. मग फाइल नीट उतरली का हे सांगणाऱ्या चेकसमची 32 अक्षरं. मशीन ती जुळवून देतंच, तरी पहिल्या रात्री मी मोठ्याने वाचली आणि मदतीला येणाऱ्या नेरच्या पोराने स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ताडून पाहिली. एक बिट हलला तरी अख्खी ओळ बदलते, हे त्याला डोळ्यांनी दाखवायचं होतं.

रोज एक सीडी राइट करणं परवडणारं नव्हतं. म्हणून फाइल हार्ड डिस्कवरच ठेवायची आणि मशीन सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या मेनूत चार ओळी घालून ती तिथूनच बूट करायची. ग्रब 2 आयएसओच्या आत शिरून कर्नल उचलतं. लूपबॅक म्हणतात त्याला. सीडी नको, पेन ड्राइव्ह नको. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या शाळेत सीडी ड्राइव्ह बिघडलेली दहा मशीन पडून असतील, तर त्यांच्यासाठी हीच वाट आहे.

खरी गंमत पुढे. डेस्कटॉप आला, इन्स्टॉलर उघडला, भाषा मराठी निवडली, आणि पार्टिशनच्या पायरीवर गाडी अडली. डिस्कवरचं एक पार्टिशन माउंट आहे, ते सोडवू का, असं इन्स्टॉलर विचारायचा. हो म्हटलं तरी सुटायचं नाही.

“दादा, थे डिस्क सोडतच नाही जी!”

कशी सोडेल? ज्या पार्टिशनवर आयएसओ ठेवली होती, त्याच्यावरच तर सगळी सिस्टीम चालू होती. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायला सांगत होतो आम्ही तिला. अख्खी फाइल रॅममध्ये चढवून डिस्क मोकळी करायचीही सोय आहे, पण एक जीबीत 700 एमबी चढवल्यावर उरतं काय? शेवटी टर्मिनल उघडून यूमाउंट या आदेशाला वजा एलची जोड देऊन आयसोडिव्हाइस, म्हणजे आयएसओचं ते पार्टिशन, सोडवलं. या ‘आळशी’ प्रकारात वरून गाठ सुटते, आतून वापर चालू राहतो. फाइलीचं पार्टिशन तेवढं फॉरमॅट करायचं नाही. इन्स्टॉलर सरळ पुढे गेला. त्या क्षणी पोराच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यासाठी मी आणखी दहा रात्री जागलो असतो.

एका रात्री निम्म्याहून जास्त फाइली कॉपी झाल्या आणि लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस, यूपीएसची बॅटरी म्हातारी. पहाटे लाइट आल्यावर काळ्या पडद्यावर दोनच शब्द: ग्रब रेस्क्यू. ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या तोंडाशी शाबूत होता, पण त्याच्या बाकीच्या फाइली आम्ही नुकत्याच पुसलेल्या पार्टिशनमध्ये होत्या. ती सकाळ मित्राची सीडी मागून आणण्यात गेली.

तेव्हापासून आयएसओ आणि ग्रबच्या फाइली दोन्ही पाचव्या पार्टिशनवर ठेवल्या. मधेच लाइट गेली तरी मेनू येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. पोराने कॅबिनेटवर कागदी टेप चिकटवली आणि मार्करने लिहिलं: पाचवं पुसू नये.