पिऊन पडलेला माणूस

परभणीत रात्री दहानंतर एखादा माणूस बंद दुकानाच्या पायरीशी आडवा दिसला, की येणारा-जाणारा उभ्या उभ्या निदान करून मोकळा होतो. 'जास्त झालीय, उतरली की उठेल.' बहुतेक वेळा ते खरेही निघते. घात होतो तो उरलेल्या वेळी, आणि ती वेळ कोणती हे लांबून कळत नाही. ते कळावे म्हणून जी साखळी आहे तिच्यात फोन उचलणारा, रुग्णवाहिकेतला डॉक्टर, गस्तीवरचा हवालदार, अपघात विभागातली सिस्टर अशी बरीच माणसे येतात. यांपैकी एकाचेही मुख्य काम प्यालेल्या माणसाची काळजी घेणे हे नाही. तरी ती घेतली जाते, कधी नीट, कधी गळ्यात पडली म्हणून.

पहिली कडी फोनची. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावला तर तो पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारातल्या नियंत्रण कक्षात वाजतो. पोलिसांसाठी ११२ लावला तर नवी मुंबईत किंवा नागपुरात. म्हणजे परभणीच्या पायरीवरचा माणूस परभणीच्या गाडीला सापडण्याआधी त्याची खबर निम्मा महाराष्ट्र फिरून येते. फोन करणारा म्हणतो, 'मोंढ्याजवळ या.' पलीकडून प्रश्न येतो, जुना की नवा? जवळची खूण काय? ही विचारपूस लोकांना वेळकाढूपणा वाटते, पण गाडी चुकीच्या मोंढ्यात जाऊन उभी राहण्यापेक्षा ती बरी. खरी गोम पुढेच आहे. 'गोंधळ घालतोय' म्हटले की पोलीस निघतात, 'हलत नाही' म्हटले की रुग्णवाहिका. एकच माणूस तासाभरात दोन्ही करू शकतो. तेव्हा फोन करणाऱ्याच्या पहिल्या वाक्यावर बरेच ठरते. दोन्ही यंत्रणा एकमेकींकडे फोन वळवू शकतात, आणि चांगल्या रात्री तसे होतेही.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली; तिचा मूळ ताफा ९३७ गाड्यांचा. त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ प्राथमिक. तिचे वेगळेपण असे की गाडीत डॉक्टर असतो. चालकाला तिथे 'पायलट' म्हणतात. जिल्ह्यातल्या सोनपेठ-पालमच्या रात्रीच्या रस्त्यांवर हा शब्द कुणाला थट्टेचा वाटणार नाही. या सेवेच्या नोंदीत नशा आणि विषबाधा एकाच रकान्यात बसवली आहेत. कारकुनी सोय म्हणून केले असेल, पण वैद्यकाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे.

गाडी पोचल्यावर डॉक्टर काय करतो ते जवळून पाहण्यासारखे असते. आधी मोठ्याने हाक, मग खांद्याला चिमटा. माणूस कण्हतो, हात झटकतो की काहीच करत नाही, यावर शुद्धीचा अंदाज. तोंडातली उलटी, पानाचा चोथा, सुटलेली कवळी बाहेर. लगेच डाव्या कुशीवर वळवणे, वरचा गुडघा पुढे दुमडून, म्हणजे तो पुन्हा उताणा पडणार नाही. उताण्या माणसाची उलटी श्वासनलिकेत उतरते. अशा माणसाला नशेपेक्षा त्या उलटीचीच जास्त भीती. मग बोटाला सुई टोचून साखर. उपाशीपोटी प्यालेल्याची साखर झपाट्याने खाली येते, आणि साखर उतरलेला माणूस हुबेहूब झिंगलेल्यासारखा दिसतो. तोवर गर्दीतल्या कुणीतरी लिंबूपाणी, ताक किंवा मिठाचे पाणी आणलेले असते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात यातले काहीही ओतले तर ते फुप्फुसात जाऊ शकते. डोक्यावर बादली उपडी करण्याचा उपायही तसलाच. थंडीत परभणीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. वरून ऊब वाटते, आतून शरीर गारठत जाते. मे महिन्यात याच्या उलट. तेव्हा उष्माघाताने कोसळलेल्यालाही लोक बेवडा ठरवतात.

सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात नाकाइतकेच डोळ्यांवर काम चालते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस, अंग घामाने निथळलेले; दारूचा भपकारा असला तरी डॉक्टर आधी फवारणीच्या विषाचा विचार करतो. मराठवाड्यात हा विचार आपोआप येतो. हिंमत यावी म्हणून आधी पाव देशी, मग कपाशीवरची बाटली, हे इथल्या दवाखान्यांना नवे नाही. सोबतचा भाऊ चारचौघांत 'जास्त प्यायलाय' एवढेच सांगतो. कोपऱ्यात नेऊन विचारले की खाली बघत म्हणतो, 'औषध पिलाय.' या दोन वाक्यांमधला वेळ ॲट्रोपिनच्या इंजेक्शनचा असतो. एका बाहुलीचा आकार दुसरीपेक्षा मोठा असेल तर संशय डोक्याच्या माराकडे जातो. दुचाकीवरून पडलेला, कवटीत रक्त साचत चाललेला माणूस घोरतोय म्हणून 'झोपू द्या' म्हटले गेले, तर सकाळी उठवायला उशीर झालेला असतो. आणि 'डोळ्यांपुढे धुकं आलंय' असे कुणी म्हणाले तर मिथेनॉल. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. हे विष तासन्‌तास गप्प बसते, मग शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते आणि ते डोळ्यांची नस जाळते. त्यावर उतारा म्हणून चक्क इथेनॉल, म्हणजे साधी दारूच, मोजून देता येते. डायलिसिसही लागू शकते. परभणीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी गंभीर रुग्ण हलवायचा झाला की आजही नातेवाइकांच्या तोंडी आधी नांदेडच येते.

आता पोलिसांची बाजू. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून उभा आहे. त्याच्या ८५व्या कलमाने सार्वजनिक जागी झिंगून असणे हा गुन्हा. नव्या न्याय संहितेच्या ३५५व्या कलमाने नशेत बेताल वागल्यास चोवीस तासांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा समाजसेवा. जुन्या दंड संहितेत हा दंड दहा रुपये होता. हवालदार माणसाला घेऊन दवाखान्यात येतो तो कागदासाठीही येतो. डॉक्टर तोंडाचा वास, बोलणे, चाल, बाहुल्या नोंदवतो आणि रक्त काढतो. १९५९ च्या नियमांत एक बारकावा आहे: रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये. रोज हजार वेळा स्पिरिटचा बोळा फिरवणारा हात इथे थांबतो आणि निर्जंतुक पाण्याकडे वळतो. हा हात चुकला तर कोर्टात बचावाच्या वकिलाचे काम सोपे होते. पुढे सीलबंद कुपी न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जाते.

कागद आधी की माणूस आधी, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात दिलेला आहे: उपचार आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. तरी पहाटे तीनला, एका हातात सलाईन नि दुसऱ्या हातात पंचनाम्याचा कागद असताना, हा क्रम दरवेळी नव्याने सांभाळावा लागतो. माझ्या मते उणीव माणसांची कमी आणि जागेची जास्त आहे. प्रागमध्ये यारोस्लाव स्काला या डॉक्टरांनी १९५१ मध्येच नशा उतरेपर्यंत देखरेखीखाली ठेवणारे केंद्र काढले. कैद नाही, भरतीही नाही, मधली खोली. आपल्याकडे एक तर पलंग, नाहीतर कोठडी. पलंगावरचा माणूस रात्रभर शिव्या देतो, शेजारच्या रुग्णाचे नातेवाईक तक्रार करतात. कोठडीतला गुपचूप घोरतो आणि तिथे त्याची साखर तपासायला कुणी नसते.

सकाळी माणूस उठतो, ओशाळतो, घरचे सही करून त्याला घेऊन जातात. रोज पिणारा असेल तर खरा धोका यानंतर सुरू होतो. दारू तुटल्यावर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, काहींना भिंतीवर किडे दिसू लागतात, ताप चढतो, झटके येतात. आता तोंडाला वास नसतो, म्हणून घरात 'बाहेरचं लागलंय' अशी चर्चा होते आणि गाडी देवऋषाकडे वळते. ११२ ला फोन गेलाच तर तो 'वेड लागलंय, मारायला धावतोय' असा जातो. मग येणाऱ्या पोलीस गाडीतल्या हवालदाराला एक गोष्ट माहीत असणे फार मोलाचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे उद्भवलेल्या मानसिक अवस्थाही येतात. त्याच्या शंभराव्या कलमाने अशा माणसाला चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचे आहे, आणि कोठडीत मात्र कोणत्याही परिस्थितीत टाकायचे नाही.