कृत्रिम गुडघा आणि अस्थिचित्रण
कृत्रिम गुडघा बसविल्यानंतर पुन्हा वेदना सुरू झाल्यास तो सैल झाला असावा, अशी शंका येते. तिच्या निरसनास अस्थिचित्रण, म्हणजेच ‘बोन स्कॅन’, साहाय्यभूत ठरते. शिरेतून दिलेले टेक्नेशियम-९९एमयुक्त औषध हाडांची घडण वेगाने चालू असेल तेथे अधिक साठते. काही तासांनी गॅमा कॅमेरा ते टिपतो. या द्रव्याची किरणोत्सारिता दर ६ तासांनी निम्मी होते. मात्र शस्त्रक्रियेनंतर वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, सुस्थितीतील सांध्याभोवतीही असा साठा आढळतो. म्हणून केवळ त्यावरून पुनर्शस्त्रक्रियेचा निर्णय योग्य नव्हे. रक्त व सांध्यातील द्रवाची तपासणीही आवश्यक ठरते. चित्रण निर्दोष आल्यास सांधा सैल असण्याची शक्यता कमी असते. नांदेड वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाताना रुग्णांनी शस्त्रक्रियेची तारीख व जुनी क्ष-किरण चित्रे सोबत न्यावीत, हे ग्रामस्थांना अवश्य सांगावे.