नवशिक्या व्यंगचित्रकारास अभिप्राय कसा द्यावा ?

पावसाळ्यांत शास्त्री व सोनवी या नद्या दुथडी भरून वाहूं लागल्या म्हणजे संगमेश्वरांतील मुलांचें खेळणें घरांतच चालतें. अशा वेळीं एखादा मुलगा वहीच्या मागच्या पानावर छत्री सांवरणाऱ्या म्हाताऱ्याचें चित्र काढतो व मोठ्या उमेदीनें वडिलांपुढें धरतो. त्यावर बहुधा दोनच उत्तरें मिळतात : "वा, छान !" किंवा "हें कसलें नाक ? अभ्यास कर." पहिल्यानें मूल सुखावतें, दुसऱ्यानें हिरमुसतें, परंतु पुढचें चित्र कसें सुधारावें, हें दोहोंतूनही त्यास कळत नाहीं.

सुप्रसिद्ध व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांच्या चरित्रांत अभिप्रायाचे दोन मासले आढळतात. शाळेंत त्यांनीं काढलेलें पिंपळाचें पान शिक्षकांनीं वाखाणलें आणि आपण चित्रकार होऊं, असें त्या मुलास वाटूं लागलें. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनें मात्र, आवश्यक ती प्रतिभा चित्रांत दिसत नाहीं असें कळवून, त्यांस प्रवेश नाकारला. लक्ष्मण खचले नाहींत. चौकटीचा कोट घातलेला त्यांचा 'कॉमन मॅन' १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या वाचकांस परिचित झाला. पण एवढें धैर्य प्रत्येक मुलाच्या अंगीं असतेंच असें नाहीं.

म्हणून प्रथम चित्र स्वस्थपणें पाहावें आणि आपणांस काय दिसलें तें सांगावें : "हा म्हातारा मला चिडलेला दिसतो; तुझ्या मनांत तेंच होतें काय ?" व्यंगचित्रांत अतिशयोक्ति हा दोष नव्हे, तें साधन आहे. नाक हेतुपुरस्सर मोठें काढलें असेल, तर तें आणखी मोठें करण्याचा सल्लाही योग्य ठरेल. उलट, वाऱ्यानें छत्री उलटली असून म्हातारा खांबासारखा ताठ उभा असेल, तर तो खरा दोष होय. कारण वाऱ्याचा जोर शरीराच्या वांकण्यावरूनच समजतो.

दुसरें, गुण नेमका सांगावा. "भुंवया तिरप्या काढल्यास, म्हणून राग उमटला," हें वाक्य नुसत्या शाबासकीहून अधिक उपयोगी आहे. तिसरें, एका वेळीं एकच दोष दाखवावा, व तो पुढच्या चित्रांत सुधारतां येण्यासारखा असावा. त्याच्या कागदावर आपण पेन्सिल चालवूं नये. दाखवावयाचेंच असेल, तर निराळा कागद घ्यावा.

चौथें, तोच म्हातारा उभा, चालतांना व बसलेला असा तीनदां काढण्यास सांगावें. तिन्ही चित्रें शेजारीं ठेविलीं म्हणजे डोकें लहानमोठें झालें कीं काय, चष्मा राहून गेला कीं काय, हें मुलास आपोआप दिसतें. आपण शोधलेली चूक तें सहसा विसरत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गबंधूची वही पाहतांना हाच क्रम ठेवा. पुढचें चित्र घेऊन तो आपण होऊन तुमच्याकडे आला, तर अभिप्राय चांगला दिला असें समजा.