धुळीचं वजन करायचं कसं?

खिडकीतून कवडसा आला की त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात ना? ते तर धटिंगण! खरे लबाड त्याहून कितीतरी बारीक, २.५ मायक्रॉनचे किंवा त्याहूनही लहान. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे २०-२५ कण ओळीने मावतील. त्यांना म्हणतात पीएम २.५. नाकातल्या केसांना चकवून ते थेट फुप्फुसात खोलवर जातात.

जे दिसतच नाही ते मोजणार कसं? चक्क तोलून! कोरा फिल्टर कागद आधी तोलायचा, पंपाने २४ तास त्यातून हवा ओढायची आणि कागद पुन्हा तोलायचा. वाढलं ते धुळीचं वजन. पण कागद दमट झाला तर? पाण्याचं वजन धुळीच्या नावावर जाईल की! म्हणून दोन्ही वेळा तो ठरावीक तापमानाच्या, ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ठेवतात आणि मगच तराजूवर. हा तराजू भलताच नाजूक, ग्रॅमचा दहा लाखावा भागही ओळखणारा!

आणि जाडी धूळ? तिला दारातच अडवतात. काही यंत्रांत हवेला गरगर फिरवतात. धावताना एकदम वळायचं झालं की जाडोबाची कशी तारांबळ उडते? तसंच जड कणांना वळता येत नाही, ते भिंतीवर आदळतात आणि बारीक तेवढे पुढे सटकतात.

पण निकालासाठी दिवसभर कोण थांबणार? म्हणून बीटा किरणांचं यंत्र. त्यात फिल्टरची लांबच लांब फीत असते. हवा ओढली की फितीवर करडा ठिपका उमटतो. त्यावर एका बाजूने बीटा किरण सोडायचे. धूळ जास्त, तर पलीकडे पोचणारे किरण कमी. मग फीत पुढे सरकते आणि नवा ठिपका. मला तर हेच यंत्र सगळ्यात आवडतं. तासातासाची हवा ठिपक्यांच्या रांगेत!

हातात मावणाऱ्या स्वस्त सेन्सरमध्ये मात्र लेझरचा छोटासा कवडसाच असतो. कणांवरून प्रकाश किती विखुरला, त्यावरून तो अंदाज बांधतो. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि बिचारा फसतो! पावसाळ्यात त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

आपल्या देशात पीएम २.५ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. या दिवाळीत मोठ्यांच्या फोनवर हवेच्या प्रदूषणाची माहिती देणारं ‘समीर’ अ‍ॅप उघडा आणि आपल्या जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचे आकडे संध्याकाळपासून वहीत टिपून ठेवा.