उतारावरची वीज

इगतपुरी सोडली की गाडी चालवायची नसते, धरायची असते. कसाऱ्यापर्यंत चौदा-पंधरा किलोमीटरांत ती जवळपास 300 मीटर खाली येते. मुंबईकडे जाणारी म्हणून आम्ही तिला ‘अप’ म्हणायचो, पण घाटात अप गाडीच उतरते. इंजिनचालक म्हणून माझी सगळी नोकरी या घाटात गेली. आता घोटीत घर करून राहतो. ब्रेक धरून गाडी खाली आणली की कसाऱ्याला ब्रेक ब्लॉकचा करपट वास यायचा. चाकाजवळ हात नेला तर धग लागायची. मागून बँकर इंजिनं लावून चढवलेली ताकद अशी तापून वाया जाताना पाहून मला दर वेळी हळहळ वाटायची.

हजार टनांची गाडी 300 मीटर उतरते तेव्हा सुमारे 800 युनिट ऊर्जा मोकळी होते. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराचे आठ महिने. थोडी चाकांच्या घर्षणात जाणारच, पण उरलेली पकडता येते, आणि ही युक्ती जुनी आहे. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेने 1928 मध्ये घाटासाठी ‘खेकडा’ इंजिनं आणली. उतारावर त्यांच्या मोटारीच जनित्र व्हायच्या. चाक मोटार फिरवतं, मोटार वीज करते आणि वीज करताना चाकाला अडवते. ब्रेकही लागतो आणि वीज वरच्या तारेत परत जाते. समोरून चढणारी गाडी ती वापरते. आजची थ्री-फेज इंजिनं हेच काम अधिक चोख करतात.

नातवाने शाळेच्या प्रदर्शनासाठी गतिरोधकावरची वीज केली होती. पुठ्ठ्याचा रस्ता, खाली सायकलचा डायनामो. खेळण्यातली मोटार दाबून पुढे ढकलली की लाल दिवा लुकलुकायचा. “आजोबा, हायवेवर बसवलं तर घोटीचे सगळे दिवे लागतील?” मी विचारलं, “गाडी उंचवट्यावर चढते ती कुणाच्या डिझेलवर?” तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “उतारावर बसवू. तिथे ब्रेक मारावाच लागतो.” मला त्याचा फार अभिमान वाटला. ताकद कुणाच्या खिशातून येते, एवढं विचारलं तरी निम्म्या अचाट कल्पनांचा निकाल लागतो.

आमच्याकडे पाऊस भरपूर, तेव्हा पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांची वीज का नको? प्रयोगशाळांत त्यावर कामही चालू आहे. मी कागदावर मांडून पाहिलं. 50 चौरस मीटरचं छप्पर आणि पावसाळाभरात 3000 मिलिमीटर पाऊस धरला, तर थेंबांच्या आपटण्यात सगळी मिळून दीड युनिटसुद्धा नाही. पण तेवढंच पाणी 400 मीटर खाली सोडलं तर दीडशेच्या आसपास युनिट होतात. जोर आहे तो उंचीत.

घोटीहून भंडारदऱ्याकडे गेलं की अकोले तालुक्यातलं घाटघर लागतं. वर धरण, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरं धरण, मध्ये सुमारे 400 मीटरचा कडा आणि डोंगराच्या पोटात 125 मेगावॅटचे दोन संच. 2008 पासून ते चालू आहेत. मागणी वाढली की पाणी खाली सोडून वीज करायची, वीज शिल्लक असली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी वर चढवायचं. चार युनिट घालून साधारण तीनच परत मिळतात, म्हणून लोक नाक मुरडतात. मला तो तोटा वाटत नाही. दुपारी सौर वीज जास्त होते आणि दिवे संध्याकाळी लागतात. ती मधली वेळ कुणीतरी धरून ठेवायला हवी. आता आमच्याच तालुक्यात भावलीला अशाच 1500 मेगावॅटच्या प्रकल्पाची आखणी झाली आहे. त्यात ज्यांच्या जमिनी जातील त्यांना मोबदला आधी मिळावा, आणि वीजही त्यांच्या घरी पहिली पोचावी.

सगळ्यात दूरची कल्पना अंतराळातली. पीटर ग्लेझर यांनी 1968 मध्ये मांडलं की आकाशात सौरपट्ट्या ठेवून वीज सूक्ष्मलहरींनी खाली पाठवता येईल. 2023 मध्ये कॅल्टेकच्या अंतराळातल्या उपकरणाने अगदी इवलीशी ऊर्जा तशी पाठवून दाखवली. खर्च अवाढव्य आहे, माझ्या हयातीत ते होणार नाही. पण आषाढात आठ-आठ दिवस ऊन न पाहणारा घोटीकर मी. ढगांच्या पार वर, उंच कक्षेत, जवळजवळ कायम ऊन असतं आणि त्या लहरी ढगांतून सहज पार होतात, हे जिथे वाचलं ते पान मी दोनदा वाचलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मला थ्री-फेज इंजिन मिळालं. त्यात खर्चलेल्या आणि परत केलेल्या युनिटांची नोंद दिसायची. गाडी कसाऱ्याला उभी राहिली की मी आधी परतीचा आकडा बघायचो आणि सहायकाला दाखवायचो.