पहाटे गाडी सुरू होईना : पंप बदलण्याआधी काय पाहावे



शेतीच्या पत्रकात मोटारीच्या पंपाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण भाजी पहाटे काढली आणि गाडी सातपर्यंत सुरूच झाली नाही, तर त्या भाजीचा भाव कोण देणार? उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वा या आपल्या गावांतून भाईंदर-मीरा रोडच्या बाजारात माल जायचा तो पहाटेच जायला हवा. मालाला गाडी लागते, आणि अनेकांकडे ती जुनी असते. जुनी ओम्नी व्हॅन, ईको, नाहीतर डिझेलची पिकअप. सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी उतरते. मग मिस्त्री म्हणतो, "पंप गेलाय, मोठा इलेक्ट्रिक पंप टाकून देतो." यातले खरे किती आणि खोटे किती, हे समजून घेऊ.

आधी एक हिशेब करा. भरलेली व्हॅन ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते असे धरा. म्हणजे तासाला चार लिटर पेट्रोल, मिनिटाला साधारण ६५ ते ७० मिलिलिटर. कटिंग चहाचा एक ग्लास, बस. घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ चढताना धरा दोन ग्लास. गाडीचा मूळचा पंप, तो धड असेल तर, याच्या कितीतरी पट पेट्रोल देऊ शकतो. म्हणून "पंप लहान पडतो" हे सहसा खरे नसते. पंप खराब झालेला असतो, किंवा पंपापर्यंत पेट्रोल पोचत नसते, किंवा रात्रीतून ते मागे टाकीत उतरून गेलेले असते. ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत. मोठा पंप त्यातल्या एकावरच थोडासा इलाज आहे.

आता गाडी कोणती ते पाहा, कारण पंपाच्या दोन जाती आहेत.

१९८४ साली आलेली मारुती व्हॅन, जी पुढे ओम्नी झाली, तिच्या जुन्या गाड्यांना कार्बोरेटर होता. त्यात पंप इंजिनलाच बसवलेला असतो. कॅमशाफ्ट फिरला की एक दांडी वर-खाली होते, आत रबरी डायफ्रॅम ओढला-सोडला जातो आणि टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलले जाते. दाब अगदी कमी, चौरस सेंटीमीटरला पाव किलोच्या आसपास. साल २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय गाड्या आल्या. २०१० ची ईको ही तशीच. हिचा पंप टाकीत बुडालेला असतो, विजेवर चालतो, आणि दाब अडीच-तीन किलो, म्हणजे दहापटीहून जास्त. एकाचा पंप दुसऱ्याला चालत नाही, हे आधी पक्के ध्यानात ठेवावे.

आधी कार्बोरेटरवाली घेऊ.

सकाळी इंजिन गार असताना, सेल्फ मारण्यापूर्वी, एअर फिल्टरचे झाकण काढा आणि बॅटरीच्या उजेडात कार्बोरेटरच्या घशात पाहा. काडी पेटवून पाहायचे नाही, हे सांगावे लागते कारण तसे पाहणारे लोक आहेत. दुसऱ्याला एक्सलेटर दाबायला सांगा. पेट्रोलची बारीक चूळ सुटली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे. पंपाला दोष देऊ नका. चोक पुरता बसतो का, प्लगला ठिणगी आहे का, बॅटरी कशी आहे, हे पाहा. सेल्फ फिरताना बॅटरीचा व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर ठिणगीही मंद पडते. चूळ सुटलीच नाही, तर कार्बोरेटरची वाटी रात्रीतून सुकलेली आहे.

सुकलेली वाटी भरायला पंपाला वेळ लागतो. इंजिन सेल्फवर मिनिटाला जेमतेम दोनशे फेरे घेते, कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे पंपाचे शंभर झटके. गाडी चालू होऊन मंद चालते तेव्हा हेच झटके चारशेवर जातात. म्हणून ज्या पंपाची गाडी दिवसभर काही तक्रार करत नाही, त्याच पंपाची पहाटे फजिती होते. त्यातून पंपातले झडप गळके असले, की पेट्रोल टाकीकडे उतरते आणि नळीही रिकामी होते. मग आठ-दहा सेकंदांचे सेल्फ तीन-चार वेळा मारावे लागतात. इथे टाकी आणि पंप यांच्यामध्ये एकतर्फी झडप बसवले तर पुष्कळदा काम भागते. वस्तू लहान, किंमत थोडी. तिच्यावर बाण असतो. त्याचे तोंड पंपाकडे असावे. त्याच वेळी टाकीपासूनच्या रबरी नळ्या हाताने वाकवून पाहा. भेग दिसली तर बदला. त्या भेगेतून पेट्रोल बाहेर ठिबकतेच असे नाही, पण पंप ओढतो तेव्हा हवा आत येते.

डायफ्रॅम फाटला की नाही, हे ओळखायचे सोपे आहे. पंपाच्या खालच्या अंगाला बारीक भोक असते, तिथून पेट्रोल ठिबकते. किंवा ते आत इंजिनात उतरते. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइलची पातळी न भरता वाढली असेल, तर गाडी त्या क्षणी उभी करावी. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. पंप आणि ऑइल दोन्ही बदलूनच ती पुढे हलवावी.

पंप आणि इंजिन यांच्यामधली जाड काळी पट्टी पुष्कळ मिस्त्री टाकून देतात, किंवा गळते म्हणून दोन-दोन पॅकिंग लावतात. दोन्ही चूक. ती पट्टी इंजिनची उष्णता पंपाला लागू देत नाही. आणि पॅकिंग जाड झाले की दांडीचा झटका आखूड होतो. पंप नवा असून कमी ओढतो. नवा पंप टाकूनही दुखणे गेले नाही, अशी तक्रार असते तेव्हा मी आधी हेच पाहायला सांगतो.

आता इथेनॉलविषयी. २०२५ पासून आपल्या पंपांवर मिळणारे पेट्रोल बहुतांशी वीस टक्के इथेनॉलचे आहे. ते इथेनॉल उसापासून, मक्यापासून, तांदळाच्या कणीपासून होते. म्हणजे त्यात शेतकऱ्याचाच माल आहे आणि त्याबद्दल आपण कुरकुर करावी असे मला वाटत नाही. पण वीस वर्षांपूर्वीचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. जुना डायफ्रॅम, जुन्या नळ्या, कार्बोरेटरमधली रबरी वायसरे फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. सुटा भाग घेताना "इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारा" असे विचारूनच घ्यावा. दुसरे असे की इथेनॉल पाणी धरते. आपल्याकडे खाडीची दमट हवा, आणि पावसाळ्यात मीरा रोडच्या सखल भागात भरतीच्या वेळी तुंबणारे पाणी. टाकीचे बूच सैल असले, टाकी अर्धी-पाव रिकामी ठेवली, की पाणी साचते. ते एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पाण्यासकट वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंप ओढतो तो तळापासूनच. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवावी आणि बुचाचे रबर तपासावे.

याउलट उन्हाळ्यात गाडी सकाळी छान सुरू होते आणि दुपारी दहिसरच्या नाक्याजवळ रांगेत थांबून बंद केली की पुन्हा घेत नाही. नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. ओले फडके पंपावर आणि नळीवर पाच मिनिटे ठेवा, गाडी सुरू होईल. तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नये, हेड तडकते. कायमचा उपाय म्हणजे सायलेन्सरच्या पाइपाला चिकटलेली पेट्रोलची नळी बाजूला बांधणे.

आता इलेक्ट्रिक पंप. मी त्याच्या विरुद्ध नाही. आठवड्यातून दोनदाच बाहेर पडणारी कार्बोरेटरची गाडी असेल, वाटी दर वेळी सुकत असेल, तर कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप किल्ली फिरवताच काही सेकंदांत वाटी भरून देतो आणि बॅटरी वाचते. वाफेचा त्रासही कमी होतो. पण तो कार्बोरेटरसाठीचा, पाव किलोच्या आसपासच्या दाबाचाच हवा. दाब थोडा जास्त असेल तर रेग्युलेटर लावावा. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावर जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एमपीएफआय गाडीचा पंप स्वस्तात मिळतो आणि "हाच लावू, दणकट आहे" असे सांगणारा कोणी भेटतो. तो लावू नये. तीन किलोचा दाब कार्बोरेटरची सुई उचलून धरतो, पेट्रोल वरून सांडते. ओम्नीचे इंजिन कुठे असते? पुढच्या सीटखाली. म्हणजे सांडलेल्या पेट्रोलवर आणि तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर तुम्ही बसलेले, बाजूला घरचा माणूस, मागे माल. मुद्दा काटकसरीचा उरत नाही.

पंप टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या खालच्या पातळीला बसवावा, कारण हे पंप ढकलतात चांगले, ओढतात वाईट. त्याच्या आधी फिल्टर. वीज किल्लीच्या वायरीतून थेट न घेता रिले आणि फ्यूज लावून घ्यावी. आणि इंजिन बंद पडले की पंप आपोआप बंद व्हावा अशी ऑइलच्या दाबावर चालणारी कळ बसवून घ्यावी. गाडी उलटली आणि किल्ली चालूच राहिली, तर फाटक्या नळीतून पेट्रोल ओतत राहणारा पंप कोणाला हवा? मिस्त्री म्हणेल कशाला उगाच खर्च. ही कळ नसेल तर पंपच लावू नका, असे मी म्हणतो. जुना पंप काढल्यावर त्या भोकावर पत्रा आणि पॅकिंग लावून ते घट्ट बंद करावे, नाहीतर ऑइल उडते.

एमपीएफआय गाडीची परीक्षा किल्लीनेच होते. किल्ली फिरवून सेल्फ न मारता थांबा. मागून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. ती आलीच नाही तर पंपाआधी फ्यूज, रिले आणि टाकीजवळचा वायरीचा सॉकेट पाहा. उत्तन-डोंगरीच्या खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवे चढते, पंपाला बारा व्होल्टच्या जागी नऊ मिळतात आणि चांगला पंप निकामी ठरतो. अर्थिंगची वायर घासून घट्ट केल्यावर सुरू झालेल्या गाड्या थोड्या नाहीत. गुणगुण येत असेल, तर किल्ली चालू-बंद अशी तीनदा करा, दर वेळी दोन सेकंद थांबा, मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर पंप चालतो आहे, पण रात्रीतून दाब उतरतो: पंपातले झडप, रेग्युलेटर किंवा एखादा गळका इंजेक्टर. या गाडीला "मोठा" पंप लावून काही मिळत नाही. दाब रेग्युलेटर ठरवतो, पेट्रोल किती द्यायचे ते कॉम्प्युटर ठरवतो, जादाचे पेट्रोल नुसते टाकीत परतते. या गाडीची पेट्रोलची नळी घरी सोडू नये; दाब गाडी बंद असतानाही आत असतो आणि पेट्रोल डोळ्यांत उडते.

गॅसवर, म्हणजे सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची गोष्ट निराळी, आणि आपल्या भागात त्या पुष्कळ. पेट्रोल वाचवायचे म्हणून टाकीत लिटर-दीड लिटरच ठेवतात. बऱ्याच गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतीच्या पेट्रोलामुळे. पेट्रोल नसले की तो कोरडा फिरतो आणि जळतो. शिवाय तेच पेट्रोल महिनोन्‌महिने राहिले की शिळे होते. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवावे आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी. जळालेल्या पंपाच्या किमतीत किती लिटर पेट्रोल येते, ते दुकानात विचारून पाहा.

डिझेलच्या जुन्या पिकअप आणि ट्रॅक्टरला पंपापेक्षा हवाच जास्त छळते. सकाळी हाताच्या प्रायमरने पंप मारल्यावर लगेच सुरू होत असेल, तर टाकीकडच्या बाजूने हवा येते आहे. फिल्टरचे वायसर आणि नळ्यांचे जोड पाहा. प्रायमर मारूनही फरक नसेल आणि फक्त थंडीतच त्रास असेल, तर हीटर प्लग तपासा. हीटर प्लगच्या गाडीला फिल्टरमध्ये पेट्रोलचे फडके धरून सुरू करण्याची जी रीत आहे, ती बंद करावी; फिल्टरमध्येच भडका उडतो. नव्या कॉमन रेल गाड्यांच्या जाड पोलादी नळ्यांना घरी पाना लावू नये. त्यातला दाब हजार किलोच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

एवढे करूनही गाडी अडत असेल तर आमच्या कार्यक्रमाच्या पत्त्यावर कार्ड टाका. त्यात चार गोष्टी लिहा: गाडी कोणती आणि कोणत्या सालची, त्रास गार असताना की तापल्यावर, किती सेकंद सेल्फ मारावा लागतो, आणि सुरू न झालेल्या गाडीचा प्लग काढल्यावर तो कोरडा होता की पेट्रोलने ओला. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी नाही. मग चोक सोडून, एक्सलेटर पूर्ण दाबून दहा सेकंद सेल्फ मारून पाहा, आणि पंपाला हात लावू नका.