पडलेली शेळी उठते

शेळीपालकांमध्ये एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, की गाय-म्हैस आजारातून उठेल, पण शेळी एकदा बसली की संपली. मग कुणी घाईने गिऱ्हाईक शोधतो, तर कुणी नशिबावर हवाला ठेवून तिला कोपऱ्यात सोडून देतो. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात जवळजवळ पंधरा कोटी आणि महाराष्ट्रात एक कोटीच्या वर शेळ्या आहेत. त्यातल्या बहुतेक भूमिहीन, अल्पभूधारक घरांत, बायांच्या हाताखाली आहेत. अशा घरात ती समजूत फार महाग पडते. तिच्यात अर्धे सत्य आहे, हे मात्र मान्य करायला हवे. कळपातला दुबळा जीव शिकाऱ्याच्या नजरेत पहिला भरतो, म्हणून शेळी आजार लपवते. अंगात ताप असतानाही ती कळपाबरोबर चालते, पाल्याला तोंड लावल्यासारखे करते. ती मागे राहून कान पाडते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणजे शेळी मुळात नाजूक नसते, तिचे आजारपण आपल्याला उशिरा कळते. आणि कळल्यानंतरही हातात काही काळ उरतो. त्या काळात अनेकदा तिचा जीव मूळ रोगापेक्षा त्याने केलेल्या तीन गोष्टींमुळे जातो: अंगातले पाणी संपते, ऊब जाते आणि पोट थांबते. या तिन्ही गोष्टी घरच्या माणसाच्या हातात आहेत. म्हणून गंभीर आजारी शेळीच्या बाबतीत शुश्रूषा औषधाइतकीच महत्त्वाची आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी, या रोगात मिळतो. भारतात हा रोग 1987 मध्ये तमिळनाडूत पहिल्यांदा ओळखला गेला. ताप 104 ते 106 अंशांपर्यंत चढतो, नाक-डोळे वाहतात, तोंडात फोड येतात, मग हगवण लागते आणि न्यूमोनिया होतो. हा रोग विषाणूचा आहे आणि त्या विषाणूला मारणारे औषध पशुवैद्यकाकडे नाही. प्रतिजैविक देतात ते मागून शिरणाऱ्या जिवाणूंसाठी. तरीही काही शेळ्या दहा-पंधरा दिवसांत सावरतात आणि पुढे त्यांना पीपीआर सहसा पुन्हा होत नाही. विषाणूशी लढाई शेळीचे शरीर स्वतःच लढते. ते लढेपर्यंत तिला जगवून ठेवणे एवढेच बाहेरून करता येते. तोंड सोललेल्या शेळीपुढे कडबा टाकला तर ती उपाशीच राहणार. तिला कोवळा पाला, मऊ हिरवा चारा, थोडी पातळ पेज हवी आणि तोंड रोज धुवायला हवे. ही कामे इंजेक्शनने होत नाहीत.

आधी पाण्याचे पाहू. तीस किलोच्या शेळीच्या वजनातले दहा टक्के पाणी हगवणीने गेले, तर तीन लिटरची तूट पडते आणि जीव धोक्यात येतो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच सपाट होत नाही, डोळे खोल जातात, हिरड्या कोरड्या पडतात. अशी तूट तोंडाने भरून काढता येते, हे माणसांत दिसून आले आहे. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजले आणि तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणले. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषले जाते आणि त्यामागे पाणी ओढले जाते, हे त्यातले तत्त्व. चोखत्या करडात हे तत्त्व जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते, कारण चोखलेले द्रव कोठीपोट टाळून थेट पुढे जाते. मोठ्या शेळीत साखर कोठीपोटातच आंबते, म्हणून तिला तेवढा लाभ मिळत नाही. पण पाणी आणि क्षार मिळतात आणि त्यांचीच तिला खरी गरज असते. पाजताना मात्र एक चूक जीवघेणी ठरते. तोंड वर करून बाटली ओतली की पाणी फुफ्फुसात जाते आणि हगवणीतून वाचली असती ती शेळी न्यूमोनियाने जाते. डोके पाठीच्या रेषेतच ठेवावे, तोंडाच्या कडेने थोडे थोडे सोडावे, गिळले की पुढचे द्यावे आणि ठसका लागला तर तिथेच थांबावे. जिला गिळताच येत नाही तिला काहीही पाजू नये. तिला शिरेतून सलाइन लागते आणि ते डॉक्टरांचे काम आहे.

पोटाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नेमका तोच विसरला जातो. शेळी चारा पचवते ती कोठीपोटातल्या असंख्य सूक्ष्मजीवांच्या बळावर. तेच तिला ऊर्जा देतात, प्रथिने देतात, ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे तयार करून देतात. निरोगी शेळीच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खोलग्यावर, मूठ ठेवली तर मिनिटाला एक-दोनदा पोट हललेले जाणवते. ती हालचाल बंद पडली की शेळी स्वतः जिवंत असली तरी तिच्या पोटातले हे जग मरू लागते. इथे माया आडवी येते. शेळी खात नाही म्हणून घरातले तिला भाकरी, भिजवलेले गहू, लग्नातला उरलेला भात चारतात. थकलेल्या कोठीपोटात एकदम एवढा स्टार्च पडला की आम्ल वाढते, उपकारक सूक्ष्मजीव मरतात आणि मायेने दिलेला घास विषासारखा लागतो. आजारी शेळीला आधी पाला द्यावा: सुबाभूळ, शेवरी, बोर, बाभूळ, जे तिच्या ओळखीचे असेल ते, मूठ-मूठ आणि वारंवार, उष्टे तसेच पुढे न ठेवता. काही वेळा पशुवैद्यक निरोगी शेळीच्या कोठीपोटातला रस काढून आजारी शेळीला पाजतात, तो हेच सूक्ष्मजीव पुन्हा वसवण्यासाठी. ती रवंथ करू लागली की निम्मी लढाई जिंकली, असे खुशाल समजावे.

तिला बसवायचे कसे, हेही याच पोटाशी जोडलेले आहे. शेळी कुशीवर आडवी पडून राहिली तर कोठीपोटातला वायू ढेकरेवाटे बाहेर पडत नाही, पोट फुगते आणि फुफ्फुसांवर दाब येतो. म्हणून दोन्ही बाजूंना पेंढ्याने भरलेली गोणपाटे लावून तिला छातीवर बसते ठेवावे, दर काही तासांनी कूस बदलावी, दिवसातून काही वेळा पोटाखाली हात घालून उभे करावे, पाय चोळावेत. पाचशे किलोच्या म्हशीला हे करायला चार माणसे लागतात, शेळीला मात्र एक बाई एकटी उचलू शकते. जिला सर्वांत नाजूक म्हणतात, तिचीच शुश्रूषा सर्वांत सोपी आहे. खालची जमीन कोरडी असावी. निरोगी शेळीचे तापमान साधारण 102 ते 103 अंश फॅरनहाइट असते. ते शंभराच्या खाली गेले तर ज्वरापेक्षाही जास्त काळजी करावी. गारठलेल्या करडाला तर आधी ऊब द्यावी आणि मगच दूध पाजावे, कारण थंड पडलेल्या आतड्यात दूध पचत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की सेवेने रोग बरा होत नाही, कारण शोधायला हवे. हे शंभर टक्के खरे आहे. खालच्या पापणीचे आतले अस्तर पांढरे पडले असेल आणि जबड्याखाली सूज आली असेल, तर बहुधा रक्त पिणारे जंत आहेत आणि जंतनाशकाशिवाय कितीही पाला चारून उपयोग नाही. पण औषधाने जंत मेले तरी गेलेले रक्त त्याच दिवशी भरून येत नाही, त्याला काही आठवडे लागतात. त्या काळात शेळीला डोंगरावर चरायला पिटाळले तर ती वाटेत कोसळते आणि दोष औषधाला लागतो. काही रोगांत शुश्रूषेला वेळच मिळत नाही. आंत्रविषाराने धडधाकट करडू काही तासांत जाते. तिथे पावसाळ्याआधीची लस हाच उपाय. पीपीआरचीही लस आहे आणि एका टोचणीने सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो गरिबाचा असल्याने मी त्याला हलके मानत नाही. शेळीजवळ बसणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यापेक्षा वेळेत विकलेली शेळी बरी, असे म्हणणाऱ्याला निष्ठुर ठरवण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही. पण हिशेब पुरा मांडावा. आजारी जनावराला पडेल तो भाव मिळतो. इंजेक्शन दिलेल्या शेळीच्या मांसात औषधाचा अंश राहतो आणि तो खाणाऱ्याच्या ताटात जातो. पीपीआर झालेली शेळी आठवडे बाजारात उभी केली, की त्या बाजारातून रोग दहा गावांना जातो आणि पुढच्या महिन्यात शेजाऱ्याच्या दारातून आपल्याच दारात परत येतो. शिवाय ही सेवा महिनोन्‌महिने करायची नसते. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेळी वळण घेते किंवा घेत नाही. गावातली पशुसखी आणि घरातली पुरुषमाणसे यांनी ते दिवस वाटून घेतले तर मजुरीही वाचते.

तिसरा आक्षेप कळपाच्या सुरक्षेचा. आजारी शेळी वेगळी बांधलीच पाहिजे, तिचे भांडे वेगळे हवे आणि तिचे काम सर्वांत शेवटी करावे. मात्र तिला अंधाऱ्या खोलीत कोंडू नये. कळपाचा प्राणी एकटा पडला की खाणे सोडतो, म्हणून दुरून कळप दिसेल अशी जागा द्यावी. माणसाच्या जिवालाही जपावे. गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हाताने उचलू नये, तिच्यातून ब्रुसेलोसिस माणसाला होऊ शकतो. कुत्रा चावलेली शेळी लाळ गाळू लागली, आवाज बदलला, तर तिच्या तोंडात हात घालू नये. ती रेबीजची शंका आहे. आणि सर्व करूनही काही शेळ्या उठणार नाहीत. श्वासासाठी तडफडणारी, अंग थंड पडलेली, गिळणे बंद झालेली शेळी केवळ आपल्या समाधानासाठी झिजवत ठेवणे ही सेवा नाही. तिथे पशुवैद्यकाला विचारून तिला वेदनेतून सोडवणे योग्य.

शेळी कळपामागे रेंगाळताना दिसली त्याच संध्याकाळी तापमान, पापणीचा रंग, लेंड्या आणि डाव्या भकाळीची हालचाल पाहून ठेवा आणि 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला कळवा. पथक येईपर्यंत तिला कोरड्या जागी, छातीवर बसती ठेवा.